नवी ई-स्कूटर घ्यायचीय, सर्टिफिकेटवर विसंबायचं का?

प्रश्न: ताई, मुलीला कॉलेजला जायला ई-स्कूटर घ्यायचीय. मॉडेल नुकतंच लाँच झालंय, डीलर म्हणतो एआरएआयचं, म्हणजे गाड्यांची टेस्ट करणाऱ्या संस्थेचं, सर्टिफिकेट आहे, बिनधास्त घ्या. पण 2022 मधे ज्या गाड्या पेटल्या त्यांच्याकडेही सर्टिफिकेट होतंच ना? मग त्या टेस्टिंगला अर्थ काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: शंका अगदी रास्त आहे तुमची. 2022 च्या मार्चमधे पुण्यात रस्त्याकडेला नुसती उभी असलेली स्कूटर पेटली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनीच बघितला. त्या वर्षी अशा बऱ्याच घटना झाल्यावर केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि बॅटरीच्या टेस्टचा नियम, एआयएस-156, बराच कडक केला, पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 पासून आणि दुसरा 31 मार्च 2023 पासून. बॅटरीचा पॅक म्हणजे अनेक छोट्या सेलचा गठ्ठा, आता त्यातला एक सेल मुद्दाम बिघडवून बघतात की बाकीचे सेल पेट घेतात का, कारण खरी भीती तीच असते, एक सेल तापला की शेजारचा तापतो आणि मग आग आवरत नाही. पॅक पाण्यात बुडवूनही बघतात. म्हणजे आजचं सर्टिफिकेट 2022 च्या सर्टिफिकेटपेक्षा नक्कीच वजनदार आहे.

पण एक गोष्ट डीलर सांगणार नाही. पुण्याची एआरएआय असो, नगरची व्हीआरडीई असो की मानेसरची आयकॅट, या टेस्ट करणाऱ्या संस्थांमधे मंजुरीसाठी कंपनीने दिलेल्या नमुन्याची टेस्ट होते. पुढे कारखान्यातल्या मालाची अधूनमधून तपासणी होते, पण प्रत्येक गाडीची नाही. आणि सोलापूरचा एप्रिल-मे, 42-43 डिग्रीत पत्र्याच्या शेडखाली दिवसभर उभी गाडी, घरी आल्याआल्या चार्जिंगला, वर खड्डे, हे रोजचं सगळं मिळून वर्षभर कुठल्या लॅबमधे होतं? ती टेस्ट कंपनीने स्वतः गाड्या रस्त्यावर पळवून करायची असते आणि लाँचची घाई झाली की नेमकी तिथेच काटछाट होते, मला याचाच राग येतो, कारण मग टेस्टिंग गिऱ्हाईकाच्या जिवावर होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलेलंच मॉडेल घ्या. सोलापुरातच ते वापरणाऱ्या दोघातिघांना गाठून विचारा. आणि गाडी आली की उन्हातून आणल्यावर बॅटरी गार होऊ द्या मगच चार्जिंगला लावा, चार्जर कंपनीचाच, आणि रात्री सगळे झोपल्यावर जिन्याखाली चार्जिंग तर अजिबात नको.