बाबांचं कोलेस्टेरॉल ८६ आलं म्हणून खूश होऊ नका, आणि तुपाचा डबाही नेऊ नका

पेडण्याहून प्रश्न आलाय. बाबा ६४ वर्षांचे, आतडं फुटलं म्हणून पोटाचं तातडीचं ऑपरेशन झालं, आज आयसीयूतला सहावा दिवस. रिपोर्टात एकूण कोलेस्टेरॉल ८६. सहा महिन्यांपूर्वी कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना १९८ होतं. आई म्हणते देवानं ऐकलं, निदान तेवढं तरी उतरलं. काका म्हणतात अंगातली चरबीच संपली, पेजेत तूप घालून द्या.

मी आयसीयूत सिस्टर म्हणून २२ वर्षं काढली, आता निवृत्त होऊन फोंड्याला असते. डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचं जे काही ते तिथल्या डॉक्टरांनाच विचारा. पण हा आकडा आणि त्यावरून घरात होणारी भांडणं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आधी आईंसाठी. वर्षभर चालून, खाणं सांभाळून, गोळी घेऊन कोलेस्टेरॉल उतरतं ते वेगळं. हे चार-सहा दिवसांत कोसळलंय. मोठं ऑपरेशन, मोठा अपघात, भाजणं, सेप्सिस (जंतुसंसर्गानं अवयव बिघडायला लागणं), अशा वेळी ते एक-दोन दिवसांतच खाली येतं. आयसीयूत शंभराच्या खालचे आकडे मला काही नवे नव्हते.

असं का होतं? आतडं फुटलं की आतली घाण पोटात पसरते. काही जंतूंच्या कवचात एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं, ते रक्तात शिरतं. एलडीएल आणि एचडीएल हे आपल्याला फक्त 'वाईट' आणि 'चांगलं' म्हणून माहीत, पण त्या विषाला धरून ठेवणं हेही त्यांचं एक काम. म्हणजे ते कण तिथं खर्ची पडतात. त्याच वेळी यकृत रोजची कामं बाजूला टाकून सीआरपीसारखी, संसर्ग-सुजेच्या वेळी वाढणारी प्रथिनं काढायला लागतं. अल्ब्युमिन हे रक्तातलं नेहमीचं प्रथिन मागे पडतं, एचडीएलसाठी लागणारं प्रथिनही मागे पडतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला कच्चा माल म्हणून कोलेस्टेरॉलच लागतं, आणि आजारात कॉर्टिसॉलची मागणी वाढलेली असते. वर पहिल्या दोन दिवसांत लिटरांवर लिटर सलाईन गेलेलं, त्यानं रक्त पातळ होतं ते निराळंच. बाबांचा जुना रिपोर्ट काढून अल्ब्युमिन ताडून पाहा, बहुधा तेही उतरलेलं दिसेल.

अशा रुग्णांत ज्यांचं कोलेस्टेरॉल फार खाली जातं आणि खालीच राहतं, त्यांची तब्येत जास्त बिघडलेली असते. त्यांच्यात जंतुसंसर्ग आणि मृत्यू जास्त दिसतात. हे वाचून छातीत धस्स होईल, पण एका दिवसाचा ८६ बाबांचं भविष्य सांगत नाही. आजार ओसरायला लागला की यकृत परत आपल्या कामाला लागतं आणि आकडा हळूहळू वर सरकतो. सावली लांब झाली म्हणून झाड वाढलं असं नसतं ना, तसंच हे.

म्हणून काकांचं तूप. सावलीला खत घालून काही होणार नाही. तूप खाऊन कोलेस्टेरॉल चढवल्यानं असा रुग्ण लवकर बरा होतो, असं काही नाही. उलट आतडं नुकतंच शिवलंय आणि तोंडानं भरवलेलं श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया. एक काकी रोज सकाळी स्टीलच्या डब्यात उकड्या तांदळाची पेज घेऊन दारात उभ्या राहायच्या, वर तुपाचा पिवळा थर. बिचाऱ्यांना 'नाही' म्हणताना मलाच वाईट वाटायचं. त्यापेक्षा मला जास्त भीती शहाळ्याची. गोव्यात रुग्णाला भेटायला जाणारा माणूस शहाळं नेल्याशिवाय राहत नाही. पण त्यात पोटॅशियम भरपूर, आणि लघवी कमी होत असेल, मूत्रपिंडं थकलेली असतील, तर तेच हृदयावर येतं. विचारल्याशिवाय थेंबही नको.

विचारायचंच तर कोलेस्टेरॉल सोडून हे विचारा: प्रेशर धरून ठेवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन कमी होतंय का? लघवी किती झाली? लॅक्टेट (शरीरावरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा) उतरलं का? पोटातल्या ड्रेनमधून, म्हणजे घाण बाहेर काढणाऱ्या नळीतून, काय येतंय? नाकातल्या नळीनं फीड चालू झालं का, आणि प्रथिनं किती मिळतात? प्रथिनं हळूहळू वाढवत वजनाच्या दर किलोला रोज साधारण १.३ ग्रॅमपर्यंत नेतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७८ ग्रॅम. मांड्या किती झपाट्यानं वितळतात ते चादर उचलली की कळतं, म्हणून फिजिओथेरपीवाले आले की त्यांना अडवू नका.

अजून एक. रिपोर्टात ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) वाढलेलं दिसलं तर गोंधळू नका. आजारातही ते वाढतं. शिवाय झोपवून ठेवायला प्रोपोफॉल देतात, ते दुधासारखं पांढरं असतं, कारण ते तेलातच मिसळलेलं असतं. एकदा मी एका रुग्णाचं रक्त काढून नळी स्टँडला ठेवली, आणि थोड्या वेळानं वर सायीसारखा थर आलेला. नवीन आलेली पोरगी घाबरून मला हाका मारत आली.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचं काय? 'आता ८६ आहे, गोळी कशाला' असं म्हणून घरच्या घरी ती कायमची बंद करू नका. तिथं ती थांबवली असेल तर यकृताकडे बघून किंवा आतडं चालू नाही म्हणून थांबवली असेल. परत कधी सुरू करायची ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. हा प्रश्न हमखास राहून जातो. 'गोळीनं आजारही बरा होतो' असंही कुणी सांगेल. २०१४ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले होते. फुप्फुसं बिघडलेल्या गंभीर रुग्णांना रोसुव्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची औषधं नव्यानं देऊन पाहिलं, फायदा दिसला नाही. आधीपासून घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. खरं कोलेस्टेरॉल किती, ते घरी येऊन जेवण रुळल्यावर, साधारण दोन महिन्यांनी तपासा.

सांगेकडचा एक ट्रकवाला होता, बाबांसारखंच ऑपरेशन. आमच्याकडे असताना त्याचं ७८ झालं होतं. तीन महिन्यांनी तपासणीला आला तो रिपोर्ट माझ्यापुढे आपटूनच. "सिस्टर, तुमच्याकडे ७८ होतं, घरी गेलो नि २१२ झालं! नुस्त्याची कढी सोडली, नारळ सोडला, आता काय सोडू?" मी हसले तर त्याला रागच आला. डॉक्टरांनी त्याची जुनी गोळी परत लिहून दिली, आणि तो जिन्यानं खाली गेला. लिफ्ट चालू होती.