बायपासच्या बैठकीत उड्डाणपूल मागू नका, आकडे मागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या वाकड ते नऱ्हे या पट्ट्यातल्या बायपासची कोंडी कमी करण्याचा आराखडा बनतोय, त्यासाठी नागरिकांची बैठक बोलावलीय, सोसायटीने 'भूमकर चौकात उड्डाणपूल हवाच' असं सह्यांचं निवेदन तयार केलंय, आणि निम्मे लोक म्हणतायत की सगळं आधीच ठरलेलं असतं, जाऊन उपयोग काय?

जा. पण ते निवेदन बदलून न्या.

मी बरीच वर्षं वाहतूक सर्वेक्षणाच्या कामात होतो, म्हणजे अशा बैठकांत टेबलाच्या पलीकडे बसलोय. तिथे होतं असं, की एक जण उठून म्हणतो पूल करा. सल्लागाराचा माणूस लिहितो, 'उड्डाणपुलाची मागणी'. दुसरा म्हणतो आमच्या गॅलरीसमोर पूल नको. तो तेही लिहितो. अहवालात दोन्ही मिळून 'संमिश्र प्रतिक्रिया' अशी एक ओळ जाते आणि विषय मिटतो. पण कुणी जर म्हणालं, की संध्याकाळी सर्व्हिस रोडची रांग अंडरपासच्या तोंडापासून मागे अमक्या पंपापर्यंत जाते, आणि ती अडते कारण पलीकडून दुचाक्या राँग साइडने घुसतात, आणि त्या घुसतात कारण त्यांना कायदेशीर वळायचं तर दीड-दोन किलोमीटर पुढे जाऊन यावं लागतं, तर तो माणूस मान वर करून "कुठल्या गेटसमोर?" असं विचारतो. कारण ही माहिती त्याच्याकडे नसते.

का नसते? मोजणी होते ती कॅमेऱ्यावरून किंवा पोरं बसवून, पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशोबाने. त्यात तिथून पार झालेल्या गाड्या मोजल्या जातात, अडकलेल्या नाहीत. पूर्ण कोंडी झाली की पार होणाऱ्या गाड्या कमीच होतात, त्यामुळे ऐन गर्दीतल्या तासाचा आकडा कधी कधी दुपारच्या आकड्यापेक्षा लहान दिसतो! कागदावर वाटतं इथे तर संध्याकाळी वाहतूक घटते. म्हणून बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारा: फक्त गाड्या मोजल्या, की रांगेची लांबीही मोजली? आणि कुठल्या महिन्यात मोजली? दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीतली मोजणी असेल तर तिचा उपयोग मर्यादित आहे, हे तोंडावर सांगायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, गाड्यांचं रूपांतर 'पीसीयू'मध्ये करतात, म्हणजे रस्त्यावर त्या मोटारीच्या तुलनेत किती जागा खातात तो हिशोब. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या 1990 च्या मार्गदर्शिकेत (आयआरसी 106) मोटार 1, दुचाकी एकूण वाहतुकीत दहा टक्क्यांहून जास्त असेल तर 0.75, आणि बसचं प्रमाण तसं जास्त असेल तर बस 3.7. म्हणजे एक बस जवळपास पाच दुचाक्यांइतकी. पाच दुचाक्यांवर झाली तर दहा माणसं, बसमध्ये पन्नास. रस्त्याला काय लागतं एवढंच पीसीयू सांगतं, माणसं किती गेली हे सांगत नाही. 'चौकाच्या प्रत्येक बाजूच्या रस्त्याने तासाला किती माणसं जातात तो तक्ता द्या' ही मागणी लेखी करा. आपल्याकडे डिसेंबर 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे राखीव लेनमधून धावणारी बससेवा, सुरू झाली, आणि तेव्हापासून आजवर पुण्यात बसच्या लेनवर जी भांडणं झाली त्यातली बहुतेक गाड्यांच्या गर्दीवरून झाली, माणसांच्या हिशोबावरून नाही. असो, तो वेगळा विषय आहे, पेटला तर आवरत नाही.

आता मूळ दुखण्याकडे. बायपास बांधला तो मुंबई–बेंगळुरूची वाहतूक पुण्याबाहेरून काढायला. आज त्यावर धावतं कोण? बाणेरहून वाकडला जाणारा, वारज्याहून हिंजवडीला जाणारा, मुलाला क्लासला सोडणारा. शहरातल्या शहरात जाणाऱ्यांनी महामार्ग वापरायचा कारण त्यांना समांतर रस्ता नाही. तुमच्याच भागात बघा: मुळा नदी ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची हद्द, आणि ती ओलांडायच्या जागा मोजक्या. बालेवाडी–वाकड जोडणारा पूल नदीवर उभा राहिला, पण पुण्याच्या बाजूच्या जोडरस्त्याच्या जागेपायी तो वर्षानुवर्षं रखडला. त्या पुलाने गेली असती ती सगळी माणसं भूमकर चौकातून आणि वाकडच्या पुलावरून गेली. म्हणून 'ओ-डी सर्व्हे', म्हणजे कोण कुठून निघालं आणि कुठे चाललंय याचं सर्वेक्षण, झालंय का ते विचारा. बायपासवरच्या गाड्यांपैकी किती एका चौकातून चढून पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या चौकात उतरतात, हा एकच आकडा हाती आला तर अर्धा वाद संपेल. तो मोठा निघाला, तर उत्तर महामार्गावर नसून डीपीतल्या (शहराच्या विकास आराखड्यातल्या) अर्धवट रस्त्यांत आहे.

तरीही उड्डाणपूलच हवा म्हणणाऱ्यांसाठी दोन स्थानिक दाखले. विद्यापीठ चौकातला पूल पंधरा वर्षंही टिकला नाही. बांधकाम खराब म्हणून नाही, मेट्रोच्या आड आला म्हणून जुलै 2020 मध्ये पाडायला घेतला. दुसरा चांदणी चौक. जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री स्फोटकं लावून पाडला, तोही एका दणक्यात पूर्ण गेला नाही, उरलेला यंत्रांनी काढावा लागला. नवी रचना 12 ऑगस्ट 2023 ला खुली झाली. गाड्यांची कोंडी खूपच सुटली, ते मान्यच करायला हवं. पण चालत जाणाऱ्याने ओलांडायचं कुठून, याचं उत्तर उद्घाटनाच्या दिवशी नव्हतं, आणि पादचारी पुलाची मागणी नंतर सुरू झाली. बस थांब्यापासून सोसायटीच्या गेटपर्यंत माणूस कसा पोचतो, हे नकाशावर बोट फिरवून दाखवायला सांगा. बोट अडलं की तिथेच तुमचा मुद्दा मांडा.

नऱ्हे–नवले पुलाच्या टोकाला मुद्दा कोंडीचा नाही, जिवाचा आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर सलग उतार लागतो, डिझेल वाचवायला काही जण ट्रक न्यूट्रलवर टाकतात, ब्रेक तापून निकामी होतात, आणि उताराच्या पायथ्याशी शहराची रांग उभी असते. 20 नोव्हेंबर 2022 ला तिथे एका अपघातात 48 गाड्या सापडल्या. तेव्हा त्या टप्प्यात 'वेग वाढवा' छापाची कुठलीही सुधारणा सुचवली जात असेल, तर रांगेचं शेपूट उतारावर कुठे येणार हे आधी विचारा.

बैठकीत समोर बसलेल्याच्या हातात काय आहे तेही ओळखून जा. महामार्ग आणि त्याच्या हद्दीतले सर्व्हिस रोड राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे. त्याला येऊन मिळणारे रस्ते कुठे महापालिकेचे, कुठे पीएमआरडीएचे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे), हिंजवडीत एमआयडीसीचे. सिग्नल आणि वळणबंदी वाहतूक पोलिसांची. एकाच निवेदनात सगळं कोंबलं की प्रत्येक जण 'आमच्या अखत्यारीत नाही' असा शेरा मारून मोकळा होतो. मुद्दे वेगळे करून वेगवेगळ्या कार्यालयांत द्या, प्रत्येकाची प्रत बाकीच्यांना, आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

ही जी बैठक आहे ती बहुधा सौजन्याची आहे, कायद्याने बंधनकारक सुनावणी नव्हे. फरक मोठा आहे. जमीन लागणार असेल तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियम 1956 च्या कलम 3अ ची अधिसूचना निघते आणि ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्याला 21 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते. ती मुदत चुकली की नंतर कितीही मोर्चे काढा. पर्यावरण मंजुरीसाठीची जनसुनावणी 2006 च्या अधिसूचनेनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, 30 दिवस आधी नोटीस देऊन, पण एवढ्या छोट्या टप्प्याला ती बहुधा लागणारच नाही. झाडं तोडायची असतील तर झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस लागते, हरकतीची मुदत त्यातच असते. आपल्या बैठकीत मात्र बोललेलं सगळं हवेत जाऊ शकतं, म्हणून इतिवृत्त कधी आणि कुठे मिळणार हे सुरुवातीलाच विचारून घ्या, शेवटी लोक चहाकडे वळलेले असतात.

आकडे देत नाहीत असं झालं तर माहिती अधिकार आहेच. प्राधिकरण केंद्राचं, त्यामुळे अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर, दहा रुपये शुल्क. महापालिकेला पाठवाल तेव्हा राज्याचे नियम लागतात: एका अर्जात एकच विषय, साधारण दीडशे शब्दांत. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. 'अमुक चौकाच्या वाहतूक मोजणीचे तक्ते, वळणनिहाय' असं नेमकं मागा.

आणि सोसायटीतल्या त्या उत्साही पोरांना सह्या गोळा करण्याऐवजी एक काम द्या. मंगळवार ते गुरुवारपैकी एक संध्याकाळ, चौघे जण, अंडरपासच्या चारही तोंडांशी. दर पंधरा मिनिटांनी रांगेचं शेवटचं वाहन कुठल्या दुकानासमोर आहे ते लिहायचं आणि फोटो काढायचा, बाकी काही नाही. पावसात पाणी साचतं तेव्हाचा एखादा व्हिडिओ असेल तर तोही, वेळेसकट. पुनावळे–ताथवडेच्या अंडरपासचं पावसाळ्यात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. दोन पानांचा कागद होईल. सह्या त्याच्या मागे जोडा, पुढे नको.

एक मागणी हमखास विसरली जाते: काम चालू असताना वाहतूक कुठून जाणार. गणेशखिंड रस्त्यावर मेट्रोचं काम चालू असताना काय हाल झाले ते सगळ्यांनी भोगलेत. पूल होवो की अंडरपास रुंद होवो, काम दोन-तीन वर्षं चालणार, आणि त्या काळात सर्व्हिस रोडवर पत्रे लागले की रुग्णवाहिका कुठून काढायची, शाळेच्या बस कुठे थांबायच्या, हा पर्यायी वाहतुकीचा आराखडा निविदेच्या कागदपत्रांत घाला असं लेखी मागा. निविदा निघून गेल्यावर ठेकेदार तुमचं ऐकायला बांधील नसतो.