'फ्लोटिला' म्हणजे छोटा ताफा का?

प्रश्न असा आहे: जर्मन नौदलाविषयीचा मजकूर मराठीत आणताना 'आइनझात्सफ्लोटिल २' या नावाचं काय करायचं? कोशात फ्लोटिला म्हणजे लहान आरमार किंवा लहान जहाजांचा ताफा. मग 'दुसरा छोटा ताफा' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. कोश व्युत्पत्तीला धरून आहे. स्पॅनिशमध्ये 'फ्लोता' म्हणजे आरमार. त्याला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागून 'फ्लोतिल्या' झालं आणि तेच फ्रेंचमार्गे जर्मनमध्ये पोचलं. आपलं 'आरमार'सुद्धा त्याच द्वीपकल्पातून, पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आलेलं आहे, म्हणजे ही दोन्ही नावं एकमेकांची शेजारीच. पण जर्मन नौदलात हा शब्द आज ज्या गोष्टीला लावतात, ती लहानही नाही आणि ताफाही नाही.

आधी 'लहान' पाहू. उत्तर समुद्राकाठच्या विल्हेल्म्सहाफेन बंदरातल्या या दुसऱ्या फ्लोटिल्याकडे जर्मनीच्या सगळ्या फ्रिगेट, म्हणजे मोठ्या युद्धनौका, आहेत, शिवाय समुद्रात इतर जहाजांना इंधन, अन्न आणि दारूगोळा पुरवणाऱ्या मोठ्या रसदनौकाही आहेत. 'बर्लिन' वर्गाची रसदनौका सुमारे १७४ मीटर लांब आणि २०,००० टनांची असते. जर्मन नौदलात तिच्याहून मोठं जहाज नाही. अशा नौका बाळगणाऱ्या संघटनेला 'छोटा' म्हटलं तर वाचकाची दिशाभूलच होईल.

'ताफा' शब्दाची अडचण याहून खोल आहे. मराठीत गाड्यांचा असो की जहाजांचा, ताफा म्हटला की एकत्र निघालेली, एकत्र चाललेली वाहनं डोळ्यांपुढे येतात. फ्लोटिला मात्र एकत्र समुद्रावर जात नाही. तो किनाऱ्यावरचा कायमचा विभाग आहे. जहाजं, खलाशी, प्रशिक्षण, दुरुस्ती, तळ ही सगळी जबाबदारी त्याची. एसटीच्या आगाराशी त्याचं नातं जुळतं: गाडी कुठल्याही मार्गावर धावत असो, ती अमुक आगाराची असते आणि तिची देखभाल व चालक-वाहक तिथूनच येतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये 'बाडेन-व्युर्टेम्बर्ग' ही फ्रिगेट आणि 'फ्रांकफुर्ट आम माइन' ही रसदनौका गोव्यात आल्या होत्या. जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर ओलाफ शोल्त्सही त्या भेटीत तिथे गेले होते. दोन्ही जहाजं याच दुसऱ्या फ्लोटिल्याची, पण त्यातल्या वेगवेगळ्या स्क्वाड्रनची, म्हणजे फ्लोटिल्याखालच्या तुकड्यांची. फ्रिगेट चौथ्या फ्रिगेट स्क्वाड्रनची, दुसरी नौका रसद स्क्वाड्रनची. गोव्यात आला तो ताफा. फ्लोटिला होता तिथेच, उत्तर समुद्राच्या काठी राहिला. हे वाक्य मराठीत नीट लिहिता यावं म्हणून तरी दोन शब्द वेगळे हवेत.

हुकूम कोण देतं हे पाहिलं की फरक आणखी स्पष्ट होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'हेसन' ही फ्रिगेट विल्हेल्म्सहाफेनहून निघून तांबड्या समुद्रात युरोपीय संघाच्या 'अ‍ॅस्पिडीस' मोहिमेत गेली आणि व्यापारी जहाजांच्या संरक्षणासाठी तिने ड्रोन पाडले. त्या काळात मोहिमेचं मुख्यालय ग्रीसमध्ये लारिसा इथे होतं. फ्लोटिल्याने जहाज तयार करून दिलं, लढवलं दुसऱ्यांनी. 'बाडेन-व्युर्टेम्बर्ग' वर्गात तर जहाज आणि माणसं हेही वेगळे केले आहेत. ४ जहाजांसाठी ८ चालक-दलं आहेत. जहाज दूरच्या समुद्रातच थांबतं आणि साधारण चार महिन्यांनी दल बदलतं. ही पाळी सांभाळणं हे किनाऱ्यावरच्या संघटनेचं काम.

हा अर्थ आजचाच आहे असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या सां-नाझेर बंदरात सातवी जर्मन पाणबुडी फ्लोटिला होता. त्याच्या पाणबुड्या एकत्र शिकारीला निघत नसत. समुद्रात त्यांना हुकूम मिळायचे ते ड्योनिट्झ यांच्या पाणबुडी मुख्यालयातून, आणि लांडग्यांच्या कळपासारख्या टोळ्या जमवल्या जायच्या त्या वेगवेगळ्या फ्लोटिल्यांच्या पाणबुड्यांमधून. म्हणून महायुद्धावरच्या मजकुरातही 'सातवा पाणबुडी ताफा' लिहिताना मी थांबेन.

बदललं ते वेगळंच. २००६ पर्यंत जर्मनीत फ्लोटिला एका प्रकारच्या जहाजांचा असे: विनाशिकांचा, वेगवान क्षेपणास्त्र नौकांचा, पाणबुड्यांचा, सुरुंगविरोधी नौकांचा. त्या वर्षी हे प्रकारवार फ्लोटिले मोडून दोन मिश्र फ्लोटिले उभे केले. 'आइनझात्स' म्हणजे प्रत्यक्ष मोहीम, कामगिरी. शीतयुद्धात बाल्टिक समुद्र अडवून धरायचा होता, पुढे लेबनॉनचा किनारा आणि सोमालियाजवळची चाचेगिरी अशी कामं आली, त्यांना वेगवेगळ्या नौका आणि माणसं जुळवून पाठवावी लागतात.

पहिला फ्लोटिला कीलला. त्याच्याकडे वार्नेम्युंडच्या कॉर्व्हेट (फ्रिगेटहून लहान युद्धनौका), कीलच्या सुरुंगशोधक नौका, एकर्नफ्योर्डच्या २१२ए वर्गाच्या पाणबुड्या, आणि २०१४ पासून त्याच गावातली सागरी बटालियन व नौदलाचे विशेष कमांडो. हा सगळा उथळ पाण्याचा संसार आहे. बाल्टिकची सरासरी खोली सुमारे ५५ मीटर, आणि तळाशी दोन्ही महायुद्धांचे सुरुंग अजून पडलेले. तिथे भल्यामोठ्या फ्रिगेटपेक्षा पाणबुड्या आणि सुरुंगशोधक जास्त उपयोगी.

मिश्र विभागाची ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे सुभे करायला सांगितले आहेत: दर सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबतं, आणि सर्वांवर एक सरसुभा. मोठी आणि लहान जहाजं एका कारभाराखाली ठेवायची ही समज आमच्या भाषेत तेव्हाच होती, याचा मला फार आनंद आहे. तरी 'दुसरा सुभा' लिहावं असं मी सुचवणार नाही. आजच्या वाचकाला सुभा म्हणजे प्रांत, आणि अर्थ सांगत बसावं लागेल.

म्हणून माझं मत: नावात 'फ्लोटिला' तसाच ठेवावा, 'दुसरा मोहीम फ्लोटिला' लिहावं आणि पहिल्यांदा येताना 'जहाजं व मनुष्यबळ सज्ज ठेवणारा किनारी विभाग' असा खुलासा द्यावा. त्याखालच्या 'गेश्वाडर'ला 'स्क्वाड्रन' ठीक आहे, मुंबईच्या क्षेपणास्त्र नौकांच्या 'किलर स्क्वाड्रन'मुळे तो शब्द आपल्या कानांना सरावाचा आहे. मात्र कैसरच्या काळातल्या मजकुरात जपावं. तेव्हा गेश्वाडर मोठ्या युद्धनौकांचं असे आणि फ्लोटिला लहान टॉर्पेडो नौकांचा, म्हणजे पायरी जवळपास उलटी.

या शब्दामुळे आणखी एक चूक हमखास होते. 'फ्लोटिलअ‍ॅडमिरल' हा जर्मनीत एकतारांकित हुद्दा आहे, आपल्या नौदलातल्या कमोडोरच्या बरोबरीचा. नुसतं 'अ‍ॅडमिरल' लिहिलं तर भारतीय वाचकाला तो नौदलप्रमुख वाटेल, आणि जर्मन नौदलाचा प्रमुखसुद्धा व्हाइस अ‍ॅडमिरलच असतो. तिथे 'कमोडोर दर्जाचा अधिकारी' लिहावं.

राहिलं लिंग. जर्मनमध्ये शब्द स्त्रीलिंगी आहे, पण आपण तो 'ताफा', 'जथा' यांच्या वळणावर पुल्लिंगी घ्यावा: तो फ्लोटिला, ते फ्लोटिले, फ्लोटिल्याचा प्रमुख, फ्लोटिल्यात. 'फ्लोटिलाचा' असं न बदलता लिहिणारेही बरेच आहेत, पण मोठ्याने वाचून पाहा, 'फ्लोटिल्याचा' जिभेवर सहज बसतो.