सोलापुरातली हुरडा पार्टी मोठी कशी करायची? तिकीट नका विकू, आगटी विका

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं आधी घेतो, टीव्हीवरचा कलाकार आणू का. नका आणू. आम्ही आणला होता.

(बाकीच्यांसाठी सांगतो, यांचा १५ मित्रांचा ग्रुप आहे, चार वर्षं झाली बार्शी रोडला एकाच्या शेतात हुरडा पार्टी करतात, ६०-७० लोक येतात, १५-२० हजार उरतात ते गरजू पोरांच्या शिक्षणाला देतात. आता याचा शहरातला मोठा, दरवर्षीचा कार्यक्रम कसा करायचा असं विचारलंय.)

आमचं पण असंच सुरू झालं. २०१३ चा जानेवारी, विजापूर रोडला मित्राच्या रानात घरची माणसं धरून आम्ही ३४ जण. एकाची बायको शिक्षिका, तिनं सहज विषय काढला की तिच्या वर्गातली एक हुशार मुलगी दहावीनंतर आईबरोबर विड्या वळत बसलीय, अकरावी सायन्सच्या क्लासला पैसे नाहीत म्हणून. सोलापुरात हे काय नवीन नाही, हजारो बायका विड्या वळून घर चालवतात, पण गरम हुरडा तोंडात असताना ऐकलं की घास अडकतो. ज्या टोपलीत कणसं चोळत होतो त्याच टोपलीत पैसे गोळा केले, ७,२०० झाले. पुढच्या वर्षी ३०० रुपये तिकीट ठेवलं, ६२ लोक आले, म्हणजे १८,६००. खर्च १३,९००. उरले ४,७००. नुसतं टोपलीत टाकलं होतं तेव्हा जास्त जमले होते बे, असं एकजण म्हणाला आणि खरंच होतं ते.

तरी आमच्या डोक्यात मोठं करायचं भूत. २०१७ ला स्टेज, ऑर्केस्ट्रा, मालिकेतला एक कलाकार, त्याचं मानधन, त्याची हॉटेलची रूम, त्याच्याबरोबर आलेल्या तिघांची पण रूम. ६०० रुपये तिकीट, ७०० लोक, ४ लाख २० हजार जमा आणि ४ लाख ३१ हजार खर्च. ११ हजाराचा तोटा आम्ही खिशातून भरला आणि त्या वर्षी मुलींच्या फीसाठी परत वेगळी वर्गणी काढली. वर लोक म्हणाले हुरडा गार होता. असणारच, आठ आगट्यांवर (आगटी म्हणजे शेणकुटं पेटवून कणसं भाजायचा खड्डा) सातशे माणसं, भाजून ताटात येईपर्यंत गार आणि गार हुरडा म्हणजे नुसती ज्वारी चावायची. पेपरात फोटो मात्र छान आला होता.

त्यानंतर महिनाभर कोण कोणाशी नीट बोलत नव्हतं. मग गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेत, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला गेलो होतो त्याची आठवण एकानं काढली. नंदीध्वजाच्या सात काठ्या, ६८ लिंगांना प्रदक्षिणा, लाखभर माणसं रस्त्यावर, तरी प्रत्येक काठीचे मानकरी ठरलेले असतात, कोणाला निमंत्रण द्यावं लागत नाही, काठी आपली आहे म्हणून लोक येतात. तो म्हणाला आपण तिकीट विकतोय ते चुकतंय, आगटी विकू.

हेच तुम्हाला सांगायचंय, बाकी सगळं नंतर. एका आगटीभोवती एका वेळी १२-१३ माणसं निवांत बसतात, दोन पाळ्या केल्या की २५. त्या २५ जागा आम्ही सुट्या विकतच नाही. आगटी एका ग्रुपला द्यायची. कुठल्या तरी शाळेची १९९४ ची दहावीची बॅच, एका बँकेचा स्टाफ, बायकांची भिशी, डॉक्टर लोक, एक गल्ली, एक यंत्रमाग कारखान्यातले कामगार. त्या ग्रुपचा एक मानकरी. २५ माणसं जमवायची, पैसे आणायचे, त्या दिवशी आपल्या आगटीवर कोणाला काय हवं नको बघायचं, सगळं त्याच्याकडं. आपण फक्त खड्डा, शेणकुटं, कणसं, भाजणारा माणूस आणि चटणीची भांडी द्यायची. पहिल्या वर्षी, म्हणजे २०१८ ला, १८ आगट्या झाल्या, ४५० लोक, आदल्या वर्षीपेक्षा कमीच, पण ४०० रुपये तिकीट धरून १ लाख ८० हजार जमले आणि त्यातले लाखाच्या वर उरले. २०२० ला ४१ आगट्या. मग कोरोनाची दोन वर्षं बंद. २०२३ ला परत सुरू करताना वाटलं लोक विसरले असतील, तर मानकऱ्यांचेच फोन यायला लागले की आमची २२ नंबरची आगटी दुसऱ्या कोणाला देऊ नका. या जानेवारीत ६४ आगट्या, १,६०० माणसं, ५०० रुपये माणशी, ८ लाख. जाहिरातीचा खर्च शून्य. तिकिटावर छापतोच की ५०० मधले १५० हुरड्याचे आणि जेवणाचे, ३५० मुलींचे. म्हणजे ५ लाख ६० हजार नुसते तिकिटातून.

आता तुम्ही म्हणाल मांडव, बस, जनरेटर याचे पैसे कुठून. ते तिकिटातून करायचे नाहीतच. ते आधी दुसऱ्या कोणाकडून तरी उभे करायचे, ऑक्टोबर संपायच्या आत, नाही झाले तर त्या वर्षी आगट्या कमी करायच्या. आणि रोख पैसे मागण्यापेक्षा वस्तू मागा, सोलापुरात लोक वस्तू मोकळ्या हातानं देतात. टॉवेलवाल्याकडून सेकंड मालाचे नॅपकिन, काळे झालेले हात पुसायला. एकजण शेंगा चटणी देतो, एकजण कडक भाकरी. शाळेच्या बसेस रविवारी उभ्याच असतात, डिझेल आणि ड्रायव्हरची हजेरी दिली की मिळतात.

हुरड्याचं म्हणाल तर ७० लोकांना लागतो तेव्हा विचार करावा लागत नाही, हजाराच्या वर गेला की शेतीच करावी लागते. कणीस हुरड्यात असतं ते मोजके दिवस, आठवडा-दहा दिवस धरा, त्याच्या आधी दूध आणि नंतर दाणा टणक. एका वर्षी थंडी लवकर गेली आणि कार्यक्रमाच्या दिवशी निम्मं रान टणक होतं. तेव्हापासून शेतकऱ्याशी जूनमध्येच बोलतो, सप्टेंबरमध्ये आठ-आठ दिवसांच्या अंतरानं तीन तुकड्यांत पेरणी, कुठली तरी एक तुकडी बरोबर सापडते. उरलेल्या दोन्हीचे पैसे पण आम्ही ठरल्याप्रमाणे देतो, नाहीतर तो कशाला ऐकेल. मालदांडी आपली भाकरीला राणी आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय वगैरे सगळं खरं, पण हुरड्याला सुरती, गुळभेंडी नाहीतर राहुरी विद्यापीठाची फुले उत्तरा, फुले मधुर असले वाण घ्या, दाणा गोड लागतो आणि चोळला की पटकन सुटतो. गोड कणसावर पाखरं पण तुटून पडतात, राखणीला गोफणवाला ठेवा आणि त्याची मजुरी हिशोबात धरा. माणशी पाव किलो धरा. घरी न्यायला मागतात ते वेगळं, आणि मागतातच.

तारीख एकच ठेवा, कायमची. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून आहे, जानेवारीचा तिसरा रविवार म्हटलं की धावणाऱ्यांना विचारावं लागत नाही. आमचा पहिला रविवार. १२ जानेवारीला, १९३१ ला फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना अभिवादन, लगेच १३ पासून गड्डा, अक्षता, होम, शोभेची दारू, तेव्हा सगळं शहर तिकडं आणि पोलीस पण तिकडंच, त्यामुळं त्या आठवड्याच्या वाटेला जाऊ नका. आणि पंचांगात वेळा अमावस्या कुठं येतीय ते बघून घ्या, त्या दिवशी अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडचे शेतकरी स्वतःच रानात पूजा मांडून जेवत असतात, तुमच्यासाठी आगटी कोण पेटवणार.

संडास. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. पहिली काही वर्षं बायका यायच्या आणि दीड तासात चला चला करायच्या, आम्हाला वाटायचं कंटाळल्या. मग भिशीतल्या एका काकूंनी स्पष्ट सांगितलं की आम्ही सकाळपासून पाणी प्यायलो नाही, रानात कुठं जाणार. त्याच्या पुढच्या वर्षी बायकांसाठी १० फिरते संडास, पाण्याचा टँकर, तिथं लक्ष ठेवायला दोन बायका हजेरीवर. लोक चार-चार तास थांबायला लागले. कलाकाराच्या मानधनापेक्षा कितीतरी स्वस्तात पडलं.

पार्किंग काळ्या रानात कधीच करू नका. आदल्या रात्री अर्धा तास अवकाळी पडला होता एकदा, ३० गाड्या रुतल्या, संध्याकाळी सातपर्यंत ट्रॅक्टरनं ओढत होतो. मुरमाड माळ बघा. आगट्या कडब्याच्या गंजीपासून लांब, वारा कुठून येतो ते बघून, प्रत्येक ओळीला वाळूच्या बादल्या, आणि अग्निशामक दलाला आधी पत्र.

कागदपत्रांचं कंटाळवाणं आहे पण लोक वाढले की टाळता येत नाही. तुमचा ग्रुप नोंदलेला नसेल तर लोकांकडून असे पैसे गोळा करायला धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१-क ची परवानगी लागते, गणपती मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच. नाहीतर देणगीवर आयकरात सूट मिळते अशी नोंदणी (तिला ८०जी म्हणतात) असलेल्या एखाद्या चांगल्या ट्रस्टला बरोबर घ्या, आम्ही तेच केलं. क्यूआर कोड ट्रस्टच्याच खात्याचा, कोणा मित्राचा नाही, मित्र कितीही सज्जन असला तरी. तिकिटाच्या पैशावर ८०जी सांगू नका, त्या बदल्यात माणूस जेवलाय. वर जी स्वतंत्र देणगी देईल तिचीच पावती, ती पण रोख २,००० च्या आतली, त्याच्या वर चेक नाहीतर ऑनलाइन. आणि फायदा जुन्या करप्रणालीवाल्यालाच, हे आधीच सांगून टाका म्हणजे मार्चमध्ये फोन येत नाहीत. ट्रस्टनं देणगीदारांची माहिती आयकर खात्याकडं वेळेत भरली पाहिजे, ती भरली नाही तर देणगीदाराला सर्टिफिकेट मिळत नाही, मग तो पुढच्या वर्षी तुमचा फोन उचलत नाही. सीए मित्र शोधा आणि त्याला एक आगटी द्या. स्पीकरला पोलिसांची परवानगी, रात्री १० नंतर तसाही बंद, आम्ही अंधार पडायच्या आत उरकतो.

गेटवर आमचा एकच मोठा फ्लेक्स असतो, त्यावर फोटो नाही, गेल्या वर्षीचा हिशोब. शेणकुटं किती रुपयांची ते पण. पुढाऱ्यांचे फोन येतात, स्वागताचा फ्लेक्स लावू का म्हणून, त्यांना सांगतो साहेब तिकीट काढून या, कुठल्या आगटीवर बसताय बोला. एकजण खरंच आला, दोन तास बसला, मस्त खाल्लं, भाषण नाही काही नाही. सत्कार पण नाहीत आमच्याकडं.

एक चूक आमच्याकडून झाली ती तुम्ही करू नका. सुरुवातीला मुलींना स्टेजवर बोलवून चेक द्यायचो, टाळ्या, फोटो. एका मुलीच्या आईनं दुसऱ्या वर्षी मदत नको म्हणून सांगितलं, फोटो गल्लीत फिरला होता. आता फी थेट कॉलेजला नाहीतर क्लासला जाते, हिशोबात फक्त नंबर असतो, मुलगी १, मुलगी २. त्यातली एक नर्सिंग करून नोकरीला लागली, गेल्या दोन वर्षांपासून ती स्वतः एका आगटीची मानकरी आहे, तिच्या २५ जणांना ती कोण आहे हे माहीत नाही आणि आम्ही सांगितलेलं नाही.

तुमचे ७० लोक म्हणजे तीन आगट्या होतात. येत्या वर्षी सहाच करा, तुमच्या १५ जणांतले सहा मानकरी निवडा, आणि पेरणी व्हायच्या आत त्या शेतकऱ्याकडं जाऊन या. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका, गेल्या चार वर्षांचा कडबा तुडवलाय तुम्ही त्याचा.