रँग्लर परांजप्यांमधला 'रँग्लर' आला कुठून?

रँग्लर ही गणितातली डिग्री आहे का आणि जीन्सच्या रँग्लरशी तिचं काही नातं आहे का, असा प्रश्न आलाय.

डिग्री नाही. केंब्रिजला गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत जे जे फर्स्ट क्लासमध्ये येतात ते सगळे रँग्लर, आणि त्यांच्यात पहिला येतो तो सीनियर रँग्लर. आपल्याकडे सर्रास दोन्ही एकच धरतात. र. पु. परांजपे, मूळचे दापोलीजवळच्या मुर्डीचे, १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, तेही जॉर्ज बर्टविसल यांच्यासोबत विभागून. पण आनंदमोहन बोस १८७४ सालीच रँग्लर झाले होते, तेव्हा परांजप्यांना 'पहिले भारतीय रँग्लर' म्हणू नका प्लीज, पहिले भारतीय सीनियर रँग्लर म्हणा, मान त्यातच जास्त आहे.

आता शब्द. रँगल म्हणजे हुज्जत घालणं, वाद घालणं. गणिताशी काडीचा संबंध नाही! पूर्वी तिथे पदवी मिळवायची तर लॅटिनमध्ये तोंडी वाद करावा लागायचा, एकाने मुद्दा मांडायचा, बाकीच्यांनी तो खोडायचा, आपल्याकडच्या शास्त्रार्थासारखंच. त्यात जो भारी तो रँग्लर. पुढे अठराव्या शतकात लेखी गणिताचं प्रस्थ वाढलं, वाद मागे पडले आणि नाव तेवढं चिकटून राहिलं.

ट्रायपॉसची गोष्ट तर मला याहून आवडते. ट्रायपॉस म्हणजे चक्क तीन पायांचं स्टूल, आपली तिवई! पदवीच्या समारंभात एक जुना पदवीधर त्या तिवईवर बसून उमेदवारांशी थट्टेखोर वाद घालायचा, मग त्या माणसालाच मिस्टर ट्रायपॉस म्हणायला लागले, मग त्याच्या विनोदी कवितांना ट्रायपॉस, मग त्या कविता छापायचे त्या कागदाच्या पाठीवर पास झालेल्यांची यादी यायला लागली म्हणून यादीला ट्रायपॉस, आणि शेवटी परीक्षेलाच. एका शब्दाने इतक्या उड्या मारलेल्या मी तरी क्वचितच पाहिल्यात.

आयपीएलमध्ये तळाच्या टीमला 'वुडन स्पून' मिळाला म्हणतात ना, तो पण इथलाच. ऑनर्सच्या यादीत जो शेवटचा यायचा त्याच्यासमोर, तो पदवी घेत असताना, दोस्तमंडळी सिनेट हाऊसच्या गॅलरीतून लाकडी चमचा दोरीने खाली सोडायची. १९०९ सालचा शेवटचा चमचा तर वल्ह्याएवढा होता, मीटरभराहून लांब. त्यानंतर नंबर जाहीर करणंच बंद झालं, त्यामुळे चमचा कोणाला द्यायचा तेच कळेना.

बायकांना तर त्या यादीत नंबरच नव्हता, नावं वेगळी वाचायचे. १८९० साली फिलिपा फॉसेट यांचं नाव 'सीनियर रँग्लरच्या वर' असं वाचलं गेलं. पहिल्यापेक्षाही वर, आणि किताब मात्र दुसऱ्याला. मला हे वाचून आजही राग येतो.

मराठीने काय केलं तर हा शब्द थेट नावाच्या आधी लावला, डॉक्टर किंवा न्यायमूर्ती लावतो तसा: रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी. जयंत नारळीकर आणि त्यांचे वडील विष्णू वासुदेव, दोघंही रँग्लरच.

आणि जीन्सचा रँग्लर म्हणजे अमेरिकेतला घोडे सांभाळणारा गडी. तो शब्द बहुधा मेक्सिकोतल्या स्पॅनिशमधून आलाय, केंब्रिजशी त्याचं काही नातं नाही.