डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाचं टॉन्सिल-ॲडेनॉईडचं ऑपरेशन आहे, तयारी कशी करू?

ताई, मुलगा साडेचार वर्षांचा, झोपेत श्वास अडकतो म्हणून पुढच्या महिन्यात टॉन्सिल आणि ॲडेनॉईड (नाकामागची तशीच गाठ) काढायचं ऑपरेशन, आणि तुम्ही विचारलंय की त्याला काय सांगू, सोबत काय नेऊ. तिकडे येते. पण प्रश्नात तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'घरचे म्हणतात ही मुलं अशीच घोरतात, उगाच कशाला चिरफाड', आणि माझं डोकं तिथंच फिरलं.

आमच्याकडे हेच वाक्य तीन वर्षं चाललं. माझी लेक चिमी बसून झोपायची. मांडी घालायची, पुढे वाकायची, कपाळ गादीला टेकवायची आणि तशीच रात्र काढायची. सरळ निजवलं की पाच मिनिटांत पुन्हा घडी. माझी नणंद नर्स आहे, वीस वर्षांची नोकरी. तिनं त्याचा व्हिडिओ काढून 'आमचे योगीराज' म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यातला एक माझाही होता, लपवत नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "वहिनी, डाऊनच्या मुलांचे सांधे सैल असतात, ती अशीच झोपतात." सांधे सैल असतात हे खरंच. पण चिमी तशी झोपायची कारण आडवी पडली की घसा मिटायचा. चेहऱ्याचा मधला भाग लहान, जिभेला जागा अपुरी, घशाचे स्नायू ढिले, त्यात टॉन्सिल वाढलेले. श्वास चालू राहावा म्हणून अंगानंच शोधलेली युक्ती होती ती. दिवसा पेंगायची, चिडायची, शिकवलेलं विसरायची, तेही आम्ही डाऊनच्याच खात्यावर मांडलं.

कळलं ते कान दाखवायला गेलो तेव्हा. कराडच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत चिमी माझ्या खांद्यावर झोपली. डॉक्टर कानाबद्दल बोलता बोलता गप्प झाले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघायला लागले. मला वाटलं घाई असेल. मग चिमीनं दचकून घुर्रकन श्वास घेतला आणि ते म्हणाले, "अकरा सेकंद." मी तो योगीराजांचा व्हिडिओ दाखवला. ते हसले नाहीत.

पुण्याला रात्रभर वायरी लावून झोपेची तपासणी झाली. तासाला बावीस वेळा श्वास अडकत होता, रक्तातला ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरत होता. लहान मुलात श्वास अडकणं तासाला दहाच्या वर गेलं की गंभीर धरतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ मध्येच सांगितलंय की डाऊनच्या प्रत्येक मुलाची ही तपासणी चौथ्या वर्षापर्यंत करा, घोरत असो वा नसो, कारण आईबापांच्या सांगण्यावरून नेमका अंदाज येत नाही. चिमी तेव्हा सहाची होती. हा कागद मी नणंदेला पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

आता तयारी. मुलाला सांगा. 'सांगू नकोस, घाबरेल' हेही आमच्या नर्सबाईंचंच मत होतं. भूल मास्कमधून देणार होते, म्हणून मी नेब्युलायझरचा (वाफेच्या औषधाचा) मास्क दोन आठवडे खेळायला दिला. चिमीनं तो बाहुलीला लावला, मग दुपारी झोपलेल्या आजोबांना लावला, ते ओरडत उठले. ऑपरेशनच्या दिवशी मला थिएटरच्या दारापर्यंतच सोडलं, पण मास्क ओळखीचा होता, गेली.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटाच. हृदयाची इको (सोनोग्राफी) आणि थायरॉईडचा रिपोर्ट ताजा हवा. मान जपायला सांगा, या मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. एक्स-रे नॉर्मल आला तरी सांगा. श्वासनलिकाही बारीक असते, वयाच्या हिशेबापेक्षा लहान श्वासाची नळी तयार ठेवतात. आणि त्याच दिवशी घरी सोडतो म्हणाले तर सरळ नाही म्हणा. पहिली रात्र ऑक्सिजन मोजणाऱ्या मशीनवरच काढायची.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, रडत नाही म्हणजे दुखत नाही, या मुलांना कमीच कळतं. झालं, पुन्हा 'ही मुलं'. चिमी रडत नव्हती खरी. चादरीचा कोपरा दातात धरून बसली होती आणि लाळसुद्धा गिळत नव्हती, कोपरा चिंब. पेला दाखवला की तोंड फिरवायची. सकाळपासून लघवी एकदाच. दुखणं कळत होतं, सांगता येत नव्हतं. मी भांडून दुखण्याचं औषध घड्याळ लावून द्यायला लावलं. पाऊण तासानं गार पेजेचे चार चमचे गेले. तुम्हीही मूल मागेल याची वाट बघू नका, पहिले काही दिवस डॉक्टरांनी दिलेल्या वेळा पाळून औषध द्या. लघवी किती वेळा होते ते लिहून ठेवा.

पाचव्या ते दहाव्या दिवसात घशातल्या जखमेच्या खपल्या सुटतात, तेव्हा रक्त येऊ शकतं. मूल सारखं काहीतरी गिळतंय किंवा उलटीत रक्त दिसलं तर फोनाफोनी नको, थेट हॉस्पिटल. आम्ही म्हणून दहा दिवस पुण्यातच मावशीकडे राहिलो.

खर्चासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. नाव अजून नोंदवलं नसेल तर आज नोंदवा.

हे आधी सांगायला हवं होतं, ऑपरेशननं सगळं सुटेलच असं नाही. डाऊनच्या निम्म्या तरी मुलांना थोडाफार त्रास उरतो. चिमीचे तासाला बावीसवरून सातावर आले, म्हणून रात्री सीपॅपचं मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं) लावतो. नणंदेचं म्हणणं, बघ, शेवटी मशीन लागलंच ना. बावीस आणि सातातला फरक मी तिला दोनदा समजावला. चिमी आता आडवी झोपते, पाय माझ्या पोटावर टाकून.

सोबत घरची चादर, रोजचा पेला आणि तो मास्क न्या. आणि आधी एक व्हिडिओ काढा, पहाटेच्या सुमारास, सदरा वर करून, श्वास घेताना गळ्याखालचा खड्डा आत जातो तो दिसेल असा. भूलतज्ज्ञांना दाखवायला, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होईल तेव्हा ताडून बघायला. घरच्या ग्रुपवर टाकू नका.