वाचक विचारतात : ‘ड्राय’ म्हणजे तिथे काय नाही?

बोलण्यात रोज येणाऱ्या ‘ड्राय’ या इंग्रजी विशेषणाबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. उत्तरं त्या त्या कामातल्या जाणकारांनी लिहिली आहेत.

प्रश्न (शिक्षिका, महाल, नागपूर) : मी मुलांना ‘ड्राय’ म्हणजे कोरडा असं शिकवते. पण ड्राय क्लीनिंगमध्ये कपडा भिजतो, ड्राय सेल फुटला की आतून ओलं निघतं, आणि ड्राय वाइन तर प्यायचीच असते. मुलं अडवतात, तेव्हा काय सांगू?

उत्तर : मुलांना अर्थ पाठ करायला देण्याऐवजी एक प्रश्न विचारायला शिकवा : इथे एरवी जे असतं, त्यातलं काय नाही? क्लीनिंगमध्ये पाणी नाही. वाइनमध्ये साखर नाही. ड्राय खोकल्यात कफ नाही, ड्राय विनोदात सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू नाही. ‘ड्राय रन’मध्ये सगळी तयारी असते, फक्त खरा माल नसतो. २ जानेवारी २०२१ रोजी नागपुरात कोरोना लसीकरणाचा ड्राय रन झाला तो असाच. नोंदणी, रांग, अर्धा तास निरीक्षण, सगळं झालं. लस मात्र कोणाला टोचली नाही.

सेलचं उदाहरण वर्गात दाखवण्याजोगं आहे. जुन्या लेक्लांशे सेलमध्ये काचेच्या बरणीत द्रावण असे. बरणी कलंडली की ते सांडायचं. कार्ल गासनर या जर्मन संशोधकाने १८८६ च्या सुमारास त्याच द्रावणाची लापशी करून ती जस्ताच्या डब्यात बंद केली. सांडणारं पातळ द्रावण गेलं, म्हणून तो ड्राय सेल. ओल मात्र आत हवीच. लापशी पूर्ण सुकली तर त्यातून वीज निघत नाही. साध्या सेलमध्ये जस्ताचा डबा हाच ऋण टोक असतो आणि वापरात तोच झिजत जातो. त्याला भोक पडलं की लापशी बाहेर येऊन रिमोटच्या स्प्रिंगा खाते. म्हणून बंद पडलेल्या घड्याळात सेल तसाच ठेवू नये.

प्रश्न (प्रतापनगर) : हवामानाच्या माहितीत ‘ड्राय बल्ब’ आणि ‘वेट बल्ब’ असे दोन आकडे असतात. आमचा कूलर मे महिन्यात खोली गारेगार करतो आणि जुलैमध्ये नुसता चिकचिकाट करून राहिला. दुकानदार म्हणतो, ताट्या बदला. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का?

उत्तर : थेट संबंध आहे, आणि ताट्यांचा दोष बहुधा नाही. ड्राय बल्ब म्हणजे साध्या तापमापकाने सावलीत मोजलेलं हवेचं तापमान. पेपरात छापून येणारा ४४ किंवा ४५ चा आकडा तोच. वेट बल्बसाठी तापमापकाच्या फुग्यावर ओलं मलमल गुंडाळतात. पाणी उडताना उष्णता ओढून घेतं, त्यामुळे पारा उतरतो. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी भराभर उडतं आणि पारा जास्त उतरतो. कूलर हेच काम मोठ्या प्रमाणावर करतो. कितीही चांगला कूलर घेतलात तरी तो हवेला वेट बल्बच्या खाली नेऊ शकत नाही.

आकडे घालून बघा. मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर वेट बल्ब येतो साधारण २३. दोहोंतलं अंतर २१ अंश. चांगल्या ताट्यांचा कूलर या अंतराचा सुमारे ८० टक्के भाग तोडतो, म्हणजे आत येणारी हवा २७ अंशांच्या आसपास मिळते. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना वेट बल्ब २९ वर असतो. अंतर जेमतेम ३. त्याच कूलरची हवा २९.६ च्या खाली उतरत नाही, वर खोलीतला दमटपणा वाढतो. अशा दिवशी पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

मेमध्येही कूलरने गारवा येत नसेल, तर ताट्यांच्या आधी खिडकी बघा. कूलरच्या समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं नसेल, तर ओली हवा खोलीतच साचते आणि तासाभरात मेचा जुलै होतो. हे सगळ्यात जास्त घरांत चुकतं. नंतर ताटीवरून हात फिरवा. पाणी एका बाजूनेच उतरत असेल, तर वरच्या पन्हळीची भोकं क्षारांनी बुजलेली असतात. ती तारेने मोकळी करा. बोअरचं पाणी वापरत असाल, तर टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा. नुसती भर घालत राहिलात तर क्षार वाढत जातात आणि ताटीतलं वूडवूल (लाकडाचे बारीक तंतू) दगडासारखं होतं. डासांसाठीही हे लागतंच.

घरी मोजायचं असेल तर सारखे दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्यावर स्वच्छ पाण्यात भिजवलेलं धुवट मलमल गुंडाळा, दोन्ही सावलीत टांगून पाचेक मिनिटं पंख्याचा वारा द्या आणि पारा उतरायचा थांबला की वाचा. कापड मळकं असेल किंवा सुकू दिलंत, तर आकडा खरा असेल त्याहून वर दिसेल.

प्रश्न (संत्रा बागायतदार, काटोल) : संत्री जहाजाने पाठवायची चौकशी केली तर एजंटाने विचारलं, ‘ड्राय की रीफर?’ आणि वर म्हणाला, माल ड्राय पोर्टला आणा. दोन्हीकडचा ड्राय एकच का?

उत्तर : नाही. ड्राय पोर्ट म्हणजे समुद्र नसलेलं बंदर. नागपूर परिसरात असा कंटेनर डेपो आहे. कस्टमची तपासणी, कागदपत्रं आणि सील हे सगळं इथेच होतं आणि पेटी रेल्वेने न्हावाशेवाला जाते. पेटीवरच्या सीलचा नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. एका अंकाच्या चुकीने पेटी बंदरात अडकते.

ड्राय कंटेनर म्हणजे गार करणारं यंत्र नसलेली साधी लोखंडी पेटी. संत्र्यासाठी ती चालणार नाही. नागपुरी संत्र्याला ६ ते ७ अंश आणि ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, म्हणजे रीफर, गार करणारं यंत्र असलेली पेटीच. तांदूळ, डाळ, मिरची ड्राय कंटेनरमध्ये जाते. पण ती पेटी आतून कोरडी राहील असं समजू नका. दिवसा पत्रा तापतो, मालातली ओल हवेत येते, रात्री पत्रा गार पडला की तीच ओल छताला थेंब होऊन धरते आणि पोत्यांवर गळते. मिरचीला बुरशी लागते ती इथून. माल नीट वाळवूनच भरा, लाकडी फळ्या ओल्या वापरू नका, वरच्या थरावर कागद अंथरा आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगा.

प्रश्न (धरमपेठ) : पैठणीवर सरबत सांडलं होतं. ड्राय क्लीनला दिली तेव्हा डाग दिसत नव्हता, परत आली तर पिवळा डाग! लाँड्रीवाल्याने बिघडवली का?

उत्तर : बहुतेक नाही. ड्राय क्लीनिंगच्या मशीनमध्ये कपडा पूर्ण भिजतो, पण पाण्यात नव्हे, पर्क (परक्लोरोएथिलीन हे रसायन) किंवा पेट्रोलियमपासून केलेल्या द्रावकात. आपल्याकडे ‘पेट्रोल वॉश’ म्हणतात ते या दुसऱ्या प्रकारातलं. पाण्याने रेशमाचा आणि लोकरीचा धागा फुगतो, त्यामुळे कापड आटतं, चमक जाते. द्रावकाने धागा फुगत नाही. हे द्रावक तूप, तेल, लिपस्टिक काढतं. साखर त्यात विरघळत नाही. सरबत, चहा, उसाचा रस, घाम यांतलं जे काही पाण्यात विरघळणारं असतं ते कापडातच राहतं आणि इस्त्रीच्या उष्णतेने पिवळं पडतं. तुमच्या पैठणीवर हेच झालं असावं.

म्हणून साडी देताना डाग दिसत नसला तरी जागा दाखवा आणि काय सांडलं ते सांगा. जाणकार धोबी त्या जागेवर आधी वेगळी प्रक्रिया करतो. तेही एक-दोन दिवसांत. महिनाभराने सांगून उपयोग होत नाही. डागावर स्वतः पाणी चोळू नका, रेशमावर पाण्याची कड उमटते. नुसतं पांढऱ्या सुती कापडाने टिपून घ्या. टिकल्या आणि चिकटवलेले खडे असतील तर तेही सांगा, कारण काही प्लास्टिक आणि डिंक द्रावकात सुटतात.

लेबलवरचं वर्तुळ म्हणजे ड्राय क्लीन. आत इंग्रजी ‘पी’ असेल तर पर्क चालतं. ‘एफ’ असेल तर फक्त पेट्रोलियमचं द्रावक. वर्तुळावर फुली असेल तर ड्राय क्लीन करायचंच नाही. घरी आणल्यावर प्लास्टिकची पिशवी काढून साडी दिवसभर वाऱ्यावर टांगा, मग सुती कापडात ठेवा. आणि घरी बादलीत पेट्रोल घेऊन धुण्याचा प्रकार कोणीही करू नये. वाफ जमिनीसरशी पसरते आणि लांबच्या गॅसच्या शेगडीनेही भडका उडतो.

प्रश्न (सदर) : एका पार्टीत ‘एक्स्ट्रा ड्राय’ स्पार्कलिंग वाइन गोड लागली. लेबल चुकीचं होतं का?

उत्तर : लेबल बरोबर होतं. साध्या वाइनमध्ये ड्राय म्हणजे यीस्टने जवळजवळ सगळी साखर संपवलेली, युरोपच्या नियमात लिटरला साधारण ४ ग्रॅमपर्यंत. फेसाळणाऱ्या वाइनची मोजपट्टी वेगळी आहे. ‘ब्रूट’ १२ ग्रॅमच्या आत, ‘एक्स्ट्रा ड्राय’ १२ ते १७, आणि नुसती ‘ड्राय’ १७ ते ३२. गोड नको असेल तर ब्रूट मागा. जीभ आवळल्यासारखी होते तो वेगळा गुण, तो टॅनिन या तुरट द्रव्याचा.

प्रश्न (सीताबर्डी) : मुलगी शिकायला इंग्लंडला चालली. तिला काजू-अक्रोडाची ॲलर्जी आहे. हॉस्टेलच्या फॉर्मवर ‘ड्राय फ्रूट्स’ लिहिलं तर चालेल ना?

उत्तर : कृपा करून तसं लिहू नका. काजू, बदाम, अक्रोड यांना ड्राय फ्रूट म्हणणं ही आपल्याकडची रीत. तिथे त्याचा अर्थ मनुका, जर्दाळू, अंजीर असाच घेतील, म्हणजे पाणी काढलेलं फळ. स्वयंपाकी मनुका टाळेल आणि काजूची पेस्ट घालून मोकळा होईल. ‘नट्स’ लिहा आणि पुढे काजू, अक्रोड अशी नावंही लिहा. शेंगदाणा तिथल्या ॲलर्जीच्या यादीत ‘पीनट्स’ म्हणून वेगळा असतो. तोही चालत नसेल तर स्वतंत्र लिहायला हवं.

प्रश्न (उमरेड) : जनावरांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘गाय ड्राय ऑफ करा’. पाणी तोडायचं का?

उत्तर : पाणी अजिबात तोडू नका. ड्राय ऑफ म्हणजे गाय आटवणं. विण्याच्या साधारण ६० दिवस आधी दूध काढणं थांबवतात, म्हणजे कासेला विश्रांती मिळते आणि पुढच्या वेताला दूध नीट येतं. आधी आठवडाभर ढेप आणि सरकी कमी करा, वैरण चालू ठेवा. ठरलेल्या दिवशी कास पूर्ण रिकामी करा, सड स्पिरिटने पुसा आणि डॉक्टरांनी दिलेली ट्यूब प्रत्येक सडात एकेक सोडा. त्यानंतर धार काढू नका. पहिले काही दिवस कास तटतटते, तेव्हा कीव येऊन थोडं दूध काढलं की कास पुन्हा दूध तयार करायला लागते आणि औषधही बाहेर पडतं. एखादा सड गरम, लाल किंवा दुखरा वाटला तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न (मानेवाडा) : आईचं डायलिसिस सुरू आहे. फाईलवर ‘ड्राय वेट ५२’ लिहिलंय, पण काट्यावर ती नेहमी ५४ च्या वर भरते. आम्ही काय पाळायचं?

उत्तर : शरीरात साचलेलं जादा पाणी काढल्यावर, सूज नसताना आणि रक्तदाब ठीक असताना जे वजन भरतं, ते ड्राय वेट. मूत्रपिंड काम करत नसल्याने दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी साचतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ५४ भरलं तर साधारण दोन लिटर काढायचं आहे असं तिथली मंडळी समजतात. मधल्या दिवसांतली वाढ ड्राय वेटच्या ४ ते ४.५ टक्क्यांच्या आत असावी, म्हणजे तुमच्या आईंसाठी दोन किलोंच्या आसपास. त्यांना प्यायला किती चालेल ते डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्या आणि तेवढं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवा. मीठ आधी कमी करा. लोणचं आणि पापड चालू ठेवून पाणी तोडलं तर तहान आवरत नाही.

हा आकडा कायमचा नसतो, आणि घरच्यांचं लक्ष इथेच सुटतं. आईंचं जेवण सुटलं की अंगावरचं मांस उतरतं आणि त्याची जागा पाणी घेतं. काटा ५२ च दाखवतो, पण पाणी वाढलेलं असतं. घोट्यावर बोट दाबून खळगा राहतो का, आडवं झाल्यावर धाप लागते का, रक्तदाब चढतो का, हे बघा. उलट, डायलिसिसच्या शेवटी पायात गोळे येत असतील किंवा रक्तदाब पडत असेल, तर कदाचित भूक सुधारून वजन खरंच वाढलं असेल आणि ५२ हा आकडा कमी पडत असेल. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या वेळी डायलिसिस सुरू व्हायच्या आधी सांगा. वजन रोज एकाच काट्यावर, सकाळी, तशाच हलक्या कपड्यांत करा आणि रक्तदाबासोबत वहीत लिहा. ड्राय वेट बदलायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. जाताना ती वही सोबत न्या.